ताईचे दिवस आणि फोनवाली वहिनी

ताईबद्दल लिहायला बसले आहे, तर आधीच सांगून टाकते की मी तिच्या बाजूची आहे. दोन्हीकडचं शांतपणे ऐकून घेण्याचा शहाणपणा मला कधी जमला नाही, आणि या प्रकरणात तो दाखवायची माझी इच्छाही नाही. ज्यांनी माझ्या बहिणीला तीन वर्षं रडवलं त्यांची तोंडं कशी उतरली, ते मी समोर उभं राहून पाहिलं आहे. ते लिहिताना मला मनापासून मजा येणार आहे.

ताईच्या सासरचा काचेचा धंदा. खाली कारखाना आणि वर राहायच्या चार खोल्या. थोरले दीर हिरकणीने, म्हणजे हिऱ्याचं टोक बसवलेल्या कलमाने, काच कापतात. भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, ती काच बाहेरगावी दुकानांना, बँकांना, दवाखान्यांना बसवायला जातात. कापलेल्या काचेची कड सुरीसारखी असते, ती पाण्याच्या मशीनवर घासून बोथट करायचं काम ताईकडे. दिवसभर हात ओले, अंगावर रबराचा एप्रन, पायात गमबूट. पहिल्या वर्षी तिच्या बोटांवर इतक्या चिरा पडल्या होत्या की मी तिला हातमोजे विकत आणून दिले. ते घातले की काचेची कड बोटाला कळत नाही, म्हणून तिने आठवड्याभरात काढून टाकले.

आणि पुढच्या खोलीत, पंख्याखाली, फोनपाशी बसायची थोरली जाऊ. ताई तिला वहिनी म्हणायची. मी तिला फोनवाली म्हणते, आणि हे तिच्या तोंडावरही एकदोनदा म्हणून झालं आहे. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, माप कधी घ्यायचं, काच कधी बसवायची आणि भावोजींनी कुठल्या दिवशी कुठल्या गावी जायचं, हे सगळं तिच्या हातात. घरातलं पानही तिच्या खुर्चीला विचारल्याशिवाय हलत नसे.

ताईला मूल हवं होतं. यात जगावेगळं काही नाही, पण त्या घरात त्यामागे वाटणीचाही प्रश्न होता. फोनवालीला दोन मुलगे. ताईला काही होईना, तसं सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली की या वर्षाअखेर धाकट्याचा, म्हणजे भावोजींचा, कारखान्यातला हिस्सा थोरल्याच्या धाकट्या मुलाच्या नावे करून टाकू, म्हणजे पुढे भांडण नको. फोनवाली लगेच मोठं मन करून म्हणाली, “आमचा धाकटा तो तुमचाच की! मी काय दोघांना घेऊन जाणार आहे का वर?” ताईने हे मला सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र नुसती म्हणाली, “मला माझं हवंय गं. उसनं नको.”

आता इथे ताईची एक चूक सांगायलाच हवी, कारण ती चूक काचेच्या धंद्यातल्या माणसाशिवाय कोणी करणार नाही. काचेचं माप घेताना लाकडाची चौकट मोजत नाहीत. पट्टी आतल्या कडेला टेकवायची आणि आतली मोकळी जागा मोजायची. हे ताईच्या इतकं अंगात मुरलं होतं की तिने महिन्याचंही तसंच माप घेतलं. चौदाव्या दिवसाच्या आसपास मूल राहतं हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. मग पाळीचे दिवस ही चौकट, ते मोजायचे कशाला? पाळी संपली, अंग मोकळं झालं, की तिथून पट्टी लावायची. असे तिने चौदा मोजले, आणि वर्षानुवर्षं त्याच दिवसांवर आस लावून बसली. भावोजी महिन्यातला अर्धा वेळ बाहेरगावी, आले की थकलेले, त्यामुळे ते ठरावीक दिवस सांभाळण्यावरच सगळी भिस्त होती.

तिने हा हिशेब फोनवालीला सांगितला होता. मोठी जाऊ, दोन मुलांची आई, तिला नाही तर कोणाला सांगणार? फोनवालीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “बरोबर आहे तुझं. असंच करत राहा.” त्या बाईला बरोबर काय ते ठाऊक होतं. हे मी अंदाजाने लिहीत नाही, पुढे तिनेच कबूल केलं.

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. रोज कोणी ना कोणी लाजत, इकडेतिकडे बघत गरोदरपणाची तपासणी मागतं. पण माझ्याच ताईने माझ्याशी हा विषय तीन वर्षं काढला नाही, कारण मी पडले अविवाहित, मला काय कळणार! शेवटी एक दिवस ती दुकानात आली, डोळे सुजलेले, आणि मी तिला मागच्या गल्लीतल्या स्त्रियांच्या दवाखान्यात जवळजवळ ओढत नेलं.

तिथली नर्स भलतीच तुसडी होती. ताईचा हिशेब ऐकून तिने कपाळाला हात लावला. “अहो, रक्तस्राव नीट सुरू झाला तो दिवस पहिला! तिथून मोजायचं. आणि चौदावा हा काही सगळ्यांचा दिवस नसतो. तुमची पाळी किती दिवसांनी येते?”

“महिना भरायच्या आधीच येते. पंचवीस-सव्वीस.”

“मग झालं तर. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. पुढून मागे मोजून बघा. तुमचं बीज अकराव्या-बाराव्यालाच येऊन जात असणार. तुम्ही वाट बघत होता ती गाडी आठवडाभर आधीच गेलेली!” मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत समजावलं. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचं बीज मात्र बाईच्या पोटात तीन-चार दिवस, कधी पाचही दिवस तग धरतं. म्हणून खरे महत्त्वाचे दिवस ते बीज सुटण्याच्या आधीचे, नंतर धावपळ करून उपयोग नाही. तारखांवर आंधळा विश्वासही ठेवू नये, कारण बीज एखाद्या महिन्यात मागेपुढे होतं. अंगावरचा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, बुळबुळीत, ताणला तर तुटणार नाही असा झाला, की दिवस आले म्हणून समजायचं.

“आणि नवरा कुठाय?” तिने विचारलं. “वर्षाच्या वर झालंय ना? मग दोघांची तपासणी हवी. निम्मा जबाबदार तो पण असतो. पुढच्या वेळी एकट्या येऊ नका.”

ताई बाहेर पडली ती हसत. मला तिच्या हसण्याचा रागच आला, इतकी वर्षं वाया गेली म्हणून. ती म्हणाली, “अगं, माझ्यात काही खोट असेल असं वाटत होतं. निघालं काय, तर माप चुकलेलं!” घरी गेल्या गेल्या तिने हे सगळं कोणाला सांगावं? फोनवालीला. सगळे दिवस, सगळ्या खुणा, अगदी अंड्यासकट. भावोजींनाही सांगितलं. ते “हं” म्हणाले आणि तपासणीचं नाव काढताच त्यांना कुठल्याशा गावचं माप आठवलं.

पुढचा महिना आला. दिवस आले आणि भावोजींना बाहेरगावी जावं लागलं, एका दुकानाची दर्शनी काच फुटली होती. त्याच्या पुढच्या महिन्यात एका बँकेचं तातडीचं काम. त्यानंतर कुठल्याशा शाळेचं. दर वेळी फोनवाली हळहळायची. “काय करू गं, गिऱ्हाईक ऐकेचना. तुझ्यासाठी मी किती भांडले माहितीय?” ताई बिचारी तिचेच आभार मानायची.

मग एक दिवस बँकेचा माणूस आरशाच्या कामासाठी कारखान्यात आला. ताई मशीनवरून उठून त्याला पाणी द्यायला गेली आणि बोलता बोलता म्हणाली, “त्या वेळी तुमची फार घाई होती.” तो म्हणाला, “आमची? आम्ही तर म्हणालो होतो, पुढच्या आठवड्यात कधीही या. तुमच्या बाईच म्हणाल्या, उद्याच माणूस पाठवते.”

ताई पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली. फोनवाली तिच्याकडे बघत नव्हती. उगाच कुठलातरी नंबर फिरवत होती.

त्या दुपारी ताई माझ्या दुकानात आली. या वेळी डोळे कोरडे होते. मला वाटलं होतं ती रडेल, मग मी तिला घेऊन तिच्या घरी जाईन आणि त्या बाईची खुर्चीसकट वरात काढीन. मी अंगातला दुकानाचा एप्रन काढलाही होता. ताई म्हणाली, “बस खाली. भांडलं की ती दुसरं काहीतरी करेल. तिला वाटू दे, तिचं बरोबर चाललंय.” आमची ताई म्हणजे गरीब गाय, असं सगळे म्हणत. त्या दिवशी मला कळलं की मशीनवर धार बोथट करता करता ती धार तिच्यातच साठत गेली होती.

तिने माझ्याकडून लघवीत बुडवून बघायच्या त्या पट्ट्या नेल्या, बीज सुटण्याच्या एक-दोन दिवस आधी ज्यांवर दोन्ही रेघा सारख्या गडद होतात. त्या तिने एप्रनच्या खिशात ठेवल्या. त्या खिशात घरातलं कोणी हात घालत नाही, काचेचा चुरा असतो. मग घरी जाऊन फोनवालीसमोर बसली आणि खोटं बोलली. माझी ताई, जिला परीक्षेत कॉपीसुद्धा करता आली नाही, ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “वहिनी, दवाखान्यात पुन्हा जाऊन आले. माझं बीज आता उशिरा सुटतंय म्हणे. आठवडाभर पुढे धरायला सांगितलंय. तेवढे दिवस यांना घरी ठेवाल ना?”

“हे काय विचारणं झालं?” फोनवाली म्हणाली.

भावोजींनाही ताईने तीच पुढची तारीख सांगितली. मी विचारलं, नवऱ्याशी कशाला खोटं? ती म्हणाली, “त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. भावाला सांगतील, भाऊ वहिनीला.”

आणि मग सुरू झाली ती गंमत. फोनवालीने ताईच्या खोट्या दिवसांत भावोजींना लांबच्या लांब गावी धाडलं. आणि आपल्यावर बोल नको म्हणून आधीचा आठवडा त्यांना मुद्दाम घरी बसवलं. “थकलेत भाऊजी, जरा आराम करू देत,” असं सासूबाईंसमोर मोठ्याने म्हणायची. ताई मान खाली घालून कड घासत राहायची आणि मशीनच्या आवाजात हसायची. संध्याकाळी मला फोन करून सांगायची, “आज तर तिने यांच्यासाठी स्वतः गोड केलं!” आम्ही दोघी पोट धरून हसायचो. कोणाला हे कोतं वाटेल. वाटो. तीन वर्षं मूग गिळून बसलेल्या बाईला एवढं हसायचा हक्क आहे.

त्या घरी असलेल्या दिवसांत ताई भावोजींना दिवसांचं काहीच बोलायची नाही. पट्टीवर रेघा उमटल्या तरी चेहरा कोरा. संध्याकाळी त्यांना घेऊन पायी फिरायला जायची, उगाच दुकानांच्या काचा बघायची, ही तुम्ही बसवली ना, ती कोणी बसवली, किती वाकडी! भावोजी खुलायचे. ताई मला म्हणाली होती, “किती दिवसांनी ते माझ्याकडे तोंड करून झोपले.” मी तेव्हा याकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

पहिले दोन महिने पट्ट्या फुकट गेल्या. तिसऱ्या महिन्यात पाळी चुकली.

ताईने कोणालाही सांगितलं नाही. दवाखान्यात जाऊन सगळं पक्कं झालं, त्याच तुसड्या नर्सने तिच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मला बरोबर घेऊन ती कारखान्यात आली. मला का, तर साक्षीला. भर सकाळची वेळ. थोरले दीर काच कापत होते, भावोजी गाडीत काचा उभ्या लावत होते, सासूबाई पुढच्या खोलीत बसल्या होत्या आणि फोनवाली खुर्चीत.

“आई,” ताई सासूबाईंना म्हणाली, “मला दिवस गेलेत. आता हिस्सा कोणाच्या नावे करायचा ते मीच सांगेन, घाई नको.”

सासूबाई एकदम उभ्याच राहिल्या, त्यांना रडू आलं. थोरल्यांनी हिरकणी खाली ठेवली. फोनवालीने चेहऱ्यावर हसू आणलं, पण ते हसू येताना मी पाहिलं, फार कष्टाने आलं. “अगं बाई, किती छान! माझ्या प्रार्थना ऐकल्या म्हणायच्या.”

“प्रार्थना कशाला, वहिनी?” ताईचा आवाज अजिबात चढला नाही. “तुम्हीच घरी ठेवलंत त्यांना. मी तुम्हाला दिवस खोटे सांगत होते. तुम्ही ज्या दिवसांत त्यांना पळवत होतात, त्या दिवसांत काही होणारच नव्हतं. खरे दिवस तुम्ही स्वतः गोडधोड करून साजरे केलेत. बँकवाल्याला घाई नव्हती, हे मला कळलंय. सगळं कळलंय.”

मी फोनवालीचं तोंड बघत होते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, त्याच्यासाठी मी तिकीट काढूनही आले असते. सासूबाई म्हणाल्या, “हे खरं आहे का गं?”

मला वाटलं, ती कानावर हात ठेवेल. पण ती उठली आणि म्हणाली, “खरं आहे. तिचं मोजणं चुकतंय हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, मी बोलले नाही. माझ्या पोरांचं बघितलं मी. पण बाहेरगावी पाठवण्याचं मला एकटीला सुचलं नाही.” तिने दाराकडे बोट केलं. “भाऊजींना विचारा. तेच म्हणाले मला, त्या दिवसांत कुठेतरी पाठव म्हणून.”

भावोजी दारात उभे होते. हातात काचांच्या मधे घालायचे कागद.

मी म्हणाले, “खोटं बोलतेय ही.” ताई भावोजींकडे बघत राहिली, आणि ते खाली बघत राहिले, त्यावरून जे कळायचं ते सगळ्यांना कळलं.

“मला सहन होत नव्हतं,” ते पुटपुटले. “आज दिवस, उद्या दिवस. तारीख आली की मला घरी यायचीच भीती वाटायची. काही जमायचं नाही, आणि मग तुझं ते तोंड. वर ती तपासणी. माझ्यातच काही निघालं असतं तर? म्हणून वहिनीला म्हणालो, मला काम दे.”

“मला म्हणायचं ना,” ताई म्हणाली.

“कसं म्हणणार?”

“तिला म्हणालात तसंच.”

ताईला इतकी वर्षं वाटत होतं की तिच्या बाजूने निदान एक माणूस आहे, आणि तो माणूस दर महिन्याला स्वतःच्या पायांनी गाडीत जाऊन बसत होता. फोनवालीच्या डोळ्यांत मला एक क्षण समाधान दिसलं. तिने शेवटचा वार केला होता आणि तो बसला होता. मला तिचा जीव घ्यावासा वाटला. त्याहून जास्त भावोजींचा.

ताई रडली नाही. तिने एप्रन काढला, तो फोनवालीच्या हातात दिला आणि म्हणाली, “मला आता ओलं काम चालणार नाही, डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय. कडा तुम्ही घासायच्या. हातमोजे घालू नका, कड कळत नाही.” सासूबाईंनी होकाराची मान हलवली. फोनवाली एप्रन धरून उभी राहिली आणि मग मशीनकडे गेली, कारण दुसरं काही करायला जागाच उरली नव्हती.

ताई खुर्चीत बसली. जराशी हललीही, खुर्ची कशी आहे ते बघायला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कोणीतरी लांबच्या गावच्या इस्पितळातलं होतं. सगळ्या मजल्यांच्या खिडक्या, माणूस कधी पाठवता, आणि काम लवकर आटपणार नाही, राहायची सोय आम्ही करू.

“पाठवते,” ताई म्हणाली. “उद्याच पाठवते. आमची काही घाई नाही, राहू दे त्यांना हवं तितकं.”

तिने फोन ठेवला. भावोजी दारातून एक पाऊल आत आले. “अगं, आता? तुझी ही अशी अवस्था असताना मी कशाला जाऊ? मला इथे राहायचंय. तुझ्याजवळ.”

“इतके दिवस मागून मागून जात होतात,” ताई म्हणाली. “आता मी सांगते म्हणून जा.”